६० मिली चरबी

पहिली बाटली हातात घेतली तेव्हा ती कोमट होती. ऑपरेशन थिएटरचं दार अर्धं उघडून नर्सताईंनी ती माझ्याकडे दिली, दोन पिशव्यांत गुंडाळलेली, आणि आइसबॉक्समध्ये ठेवायच्या आधी मी ती दोन सेकंद तशीच धरून उभी राहिले. अर्ध्या तासापूर्वी एका बाईच्या पोटातून निघालेली चरबी. वर पिवळा-केशरी थर, थिजत आलेल्या तुपासारखा दाणेदार, आणि खाली लालसर पाणी. हॉस्पिटलसाठी तो कचरा होता, पिवळ्या पिशवीत जाऊन जळणार होता. मला त्यातून स्टेम सेल काढायच्या होत्या.

मी मूळची बीड जिल्ह्यातली, गेवराई तालुक्यातल्या एका गावची. बायोटेकमध्ये एमएस्सी संभाजीनगरला केली आणि मग तिथेच एका लॅबमध्ये प्रोजेक्टवर लागले. विषय असा की माणसाच्या चरबीतून मेसेन्कायमल स्टेम सेल, म्हणजे हाड, कूर्चा, चरबी ह्यांच्याकडे वळू शकणाऱ्या पेशी, काढायच्या, त्या वाढवायच्या, आणि त्या सूज आणणाऱ्या पेशींना शांत करतात का ते बघायचं. विषय लॅबच्या मॅडमनी दिला असं मी सगळ्यांना सांगते, पण चार विषय समोर होते आणि त्यातला हाच मी का उचलला ते मला माहीत आहे. माझ्या आईला आमवात आहे.

आमवात म्हणजे गुडघे झिजतात तो नाही. तो म्हातारपणाचा संधिवात वेगळा. हा रुमॅटॉइड, ह्यात शरीराची स्वतःचीच संरक्षण व्यवस्था सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उठते, आणि दोन्ही हातांची बोटं, मनगटं सारखीच सुजतात. आईला चाळिशीत सुरू झाला. आधी कुणाला कळलंच नाही, कापूस वेचून हात दुखतात म्हणून सगळे तेल लावा म्हणायचे, कुणी मंतरलेलं पाणी दिलं, कुणी पानाचा लेप. तिच्या बोलण्यात पहिल्यांदा काय आलं तर "सकाळी मूठच वळंना गं, दोन घंटे जातेत." मग भाकर थापायला जमेना झालं. आमच्याकडे बाईला भाकर थापता येईना म्हणजे काय ते मराठवाड्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. ती परातीसमोर बसायची, पीठ मळायची, आणि मग नुसती बघत बसायची. मी तेव्हा अकरावीला होते.

असो, लॅबकडे येते.

चरबी मिळवणं हेच आधी मोठं काम. पोटाची चरबी काढायची ऑपरेशनं करणारे एक प्लास्टिक सर्जन तयार झाले, पण एथिक्स कमिटीची परवानगी आणि पेशंटची लेखी संमती असल्याशिवाय एक थेंब घेता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. इंग्रजी फॉर्म तयार होता, मराठी मी केला. त्यात स्टेम सेलला मी "मूलपेशी" लिहिलं. पहिल्याच ताईंनी वाचून विचारलं, "मुलाच्या पेशी काढणार का माझ्यातून? माझं ऑपरेशन झालेलं आहे मूल न होण्याचं." मी गोंधळलेच. मूल म्हणजे मुळातलं असं मी धरलं होतं, त्यांनी मूल म्हणजे लेकरू धरलं, आणि त्यांचं वाचणं माझ्यापेक्षा जास्त स्वाभाविक होतं. फॉर्म परत कमिटीकडे पाठवला, "स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या प्रकारच्या पेशी तयार होऊ शकतात अशा पेशी" असं सरळ वाक्य टाकलं, दीड महिना अजून गेला. पण त्यानंतर मी प्रत्येक ताईंजवळ बसून फॉर्म मोठ्याने वाचून दाखवायचे. ह्यातून तुम्हाला काही फायदा नाही, पैसे नाहीत, नाही म्हणालात तरी ऑपरेशनला फरक पडणार नाही. बहुतेक जणी हो म्हणायच्या. एक जण म्हणाल्या, फेकून देण्यापेक्षा कुणाच्या कामाला आली तर बरंच की.

तर ती पहिली बाटली घेऊन मी जालना रोडने स्कूटीवर आले, आइसबॉक्स पायाशी, आणि प्रत्येक खड्ड्याला जीव वर यायचा. लॅबमध्ये पोचल्यावर लगेच धुणं सुरू. चरबी काढताना आत जे पाणी सोडतात त्यात भूल द्यायचं लिग्नोकेन असतं, रक्त थांबवायला अ‍ॅड्रिनलिन असतं, ते पेशींजवळ राहू देऊन चालत नाही. म्हणून मिठाचं बफर टाकायचं, हलवायचं, ठेवायचं, चरबी वर तरंगते, खालचं लाल पाणी काढून टाकायचं, परत टाकायचं. लाल पाणी गुलाबी होतं, मग जवळपास स्वच्छ. ह्यात घाई केली की पुढे सगळं रक्तच रक्त दिसतं. मी धुवून झाल्यावर ६० मिली मोजून घेतली, तेवढीच आमच्या वॉटर बाथच्या बाटल्यांत मावायची.

मग कोलॅजिनेज. हे एंझाइम म्हणजे ह्या सगळ्या प्रकाराची किल्ली आहे. चरबीच्या पेशी कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या जाळ्यात बसलेल्या असतात, आणि ते जाळं कापणारं एंझाइम क्लॉस्ट्रिडियम हिस्टोलिटिकम नावाच्या जिवाणूपासून मिळतं. मार्टिन रॉडबेल नावाच्या शास्त्रज्ञाने १९६४ साली उंदराच्या चरबीवर हे वापरून चरबीच्या पेशी मोकळ्या करायची पद्धत लिहिली, आणि त्यांना तरंगणाऱ्या तेलकट पेशीच हव्या होत्या, खाली जो गाळ बसायचा तो त्यांच्या कामाचा नव्हता. ह्याच माणसाला पुढे १९९४ मध्ये नोबेल मिळालं, ते वेगळ्या कामासाठी. आणि २००१ मध्ये पॅट्रिशिया झुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या लायपोसक्शनच्या, म्हणजे ऑपरेशनने ओढून काढलेल्या, चरबीतून, त्या खाली बसणाऱ्या भागातूनच, हाड, कूर्चा, चरबी सगळीकडे वळू शकणाऱ्या पेशी मिळतात हे दाखवलं. मला ही गोष्ट फार आवडते. सदतीस वर्षं तो गाळ लोकांच्या डोळ्यांसमोर होता.

आमचा प्रोटोकॉल होता ०.१ टक्का कोलॅजिनेज, ३७ डिग्री, हलवत ठेवायचं ४५ मिनिटं. कागदावर एवढंच. प्रत्यक्षात एंझाइमचा प्रत्येक लॉट वेगळा निघतो, एकाची ताकद जास्त, एकाची कमी, आणि कॅल्शियम नसेल तर ते नीट कामच करत नाही. पहिल्या वेळी मी ४५ मिनिटं झाल्यावर बघितलं तर गुठळ्या तशाच, मला वाटलं अजून ठेवावं, असं करत दीड तास ठेवलं. गुठळ्या गेल्या, बाटलीत एकसारखं पिवळं सूप झालं, मी खूश. मग ट्रिपॅन ब्लू टाकून मायक्रोस्कोपखाली बघितलं तर निम्म्याहून जास्त पेशी निळ्या. निळी म्हणजे मेलेली, तिचं आवरण फुटलंय म्हणून रंग आत गेला. एंझाइमने जाळ्याबरोबर पेशीही खाल्ल्या. ती बाटली ज्या ताईंची होती त्या जालन्याजवळच्या एका गावच्या होत्या, त्यांनी फॉर्मवर सही करताना मला विचारलं होतं की काय निघतंय ते कळवशील का. मला दोन दिवस जेवण गेलं नाही. मॅडम रागावल्या नाहीत, त्या म्हणाल्या, आता दर दहा मिनिटांनी बाटली उजेडात धरून बघायची, घड्याळावर विश्वास ठेवायचा नाही. तेच मी नंतर दोन वर्षं केलं, आणि आता मला बाटलीचा रंग आणि ती कशी सांडते त्यावरून कळतं. चुलीवरच्या पिठल्याला जसं बाईला कळतं की आता उतरवा, तसंच.

एंझाइम थांबवायला सीरम असलेलं मीडियम, म्हणजे पेशींचं पातळ खाणं, टाकायचं आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं, ३०० जी ला, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ३०० पट जोराने, १० मिनिटं. ट्यूब बाहेर काढली की चार थर दिसतात. अगदी वर स्वच्छ तेल, फुटलेल्या पेशींचं. त्याखाली पांढरट-पिवळ्या भरलेल्या चरबीच्या पेशी. मग पाणी. आणि तळाशी नखाएवढा लालसर ठिपका. हाच तो गाळ. ह्याला स्ट्रोमल व्हॅस्क्युलर फ्रॅक्शन म्हणतात आणि हा शब्द पुढे महत्त्वाचा आहे म्हणून सांगून ठेवते. ह्या ठिपक्यात सगळ्या स्टेम सेल नसतात. रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी असतात, पांढऱ्या पेशी, जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज, लाल पेशी, आणि त्यांच्यात मिसळलेल्या आपल्याला हव्या त्या. मग अमोनियम क्लोराइडने लाल पेशी फोडायच्या, जाळीतून गाळायचं, मोजायचं. चांगल्या दिवशी ६० मिलीतून मला दीड कोटीच्या आसपास जिवंत पेशी मिळायच्या, वाईट दिवशी चाळीस लाख. आकडा मोठा वाटतो पण परत सांगते, ह्या सगळ्या स्टेम सेल नाहीत.

चरबीच का, असं मला गावाकडे सगळे विचारतात. कारण हाडाच्या मगजातून काढायच्या तर कमरेच्या हाडात सुई घालावी लागते, आणि तिथल्या एकेंद्रकी पेशींमध्ये ह्या पेशी ०.००१ ते ०.०१ टक्के एवढ्याच असतात, म्हणजे लाखात एक ते दहा. चरबीत प्रमाण कितीतरी जास्त, आणि ती तशीही फेकलीच जाते.

फ्लास्कमध्ये पेशी टाकल्यानंतर वाट बघायची. ३७ डिग्री, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. दुसऱ्या दिवशी न चिकटलेलं सगळं धुवून टाकायचं, कारण ह्या पेशींचा पहिला गुण हाच की त्या प्लास्टिकला चिकटतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मोकळ्या मैदानात इथे एक तिथे एक अशा लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या पेशी होत्या. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांचे पुंजके झाले, आठव्या दिवशी सगळा फ्लास्क भरला, आणि त्या एका दिशेने वाकून अशा पसरल्या होत्या की मी फोटो काढून आईला पाठवला. भावाच्या फोनवर बघून ती म्हणाली, "वाऱ्यानं आडवी पडलेली ज्वारीच दिसायली की." खरंच तशीच दिसते. तेव्हापासून माझ्या वहीतही मी आडवी ज्वारी असंच लिहायला लागले, भरलेला फ्लास्क असेल तर.

आणि तेव्हापासून तिचा रोजचा प्रश्न ठरला. एक दिवसाआड मीडियम बदलावं लागतं हे तिला कळलं होतं, तर फोनवर आधी विचारायची, "तुझ्या पेशींना खायला घातलं का?" मग माझं जेवण.

सगळं असं सरळ गेलं नाही. पहिल्या पावसाळ्यात ओळीने तीन बॅचमध्ये बुरशी आली. सकाळी इनक्युबेटर उघडावं आणि मीडियममध्ये कापसासारखे पांढरे धागे. तीन ताईंची चरबी, सहा आठवडे, सगळं ब्लीचमध्ये. शोधत शोधत कळलं की इनक्युबेटरच्या तळातलं पाणी आणि एसीचा फिल्टर. एप्रिलमध्ये वेगळंच. दुपारी ४२ डिग्री, लाईट गेली, बॅकअपची बॅटरी कधीची संपलेली होती आणि ती बदलायची फाइल कुठेतरी टेबलावर पडून होती. साडेचार तास. इनक्युबेटर थंड होईल ही भीती परदेशातल्या पुस्तकांत असते, आमच्याकडे खोलीच तापली आणि आतला गॅसही गेला, मीडियमचा रंग गुलाबीचा जांभळा झाला. मी ओल्या टॉवेलमध्ये फ्लास्क गुंडाळून खालच्या मजल्यावरच्या थंड खोलीत नेऊन बसले. दोन वाचले. बाकीचे गेले.

पेशी साठवायला लिक्विड नायट्रोजन लागतो, उणे १९६ डिग्री. तो कंटेनर पहिल्यांदा बघितला तेव्हा मला एकदम ओळखीचा वाटला, कारण आमच्या गावच्या गुरांच्या दवाखान्यात अगदी तसलाच होता, गाई भरवायच्या, म्हणजे कृत्रिम रेतनाच्या, कांड्या त्यात असतात, लहानपणी डॉक्टर झाकण काढायचे आणि धूर बाहेर यायचा तो आम्ही पोरं बघत उभे राहायचो. लॅबमध्ये सगळे त्याला घाबरून होते, मला कधी भीती वाटली नाही.

आता ह्या पेशी खरंच स्टेम सेल आहेत का हे सिद्ध करायचं असतं, चिकटल्या आणि लांबट दिसल्या म्हणून होत नाही, साधे फायब्रोब्लास्ट, म्हणजे ऊतींना जोडून धरणाऱ्या पेशी, तेही तसेच दिसतात. २००६ मध्ये पेशी-उपचारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने निकष ठरवले. प्लास्टिकला चिकटणं, अंगावर सीडी७३, सीडी९०, सीडी१०५ हे तीन मार्कर, म्हणजे पेशीच्या ओळखीच्या खुणा, ९५ टक्के किंवा जास्त पेशींवर असणं, रक्तपेशींचे मार्कर २ टक्क्यांपेक्षा जास्त नसणं, आणि हाड, चरबी, कूर्चा ह्या तिन्हीकडे वळता येणं. मार्कर मोजायला फ्लो सायटोमीटर नावाचं मशीन लागतं, ते आमच्याकडे नाही, म्हणून पुण्याला पैसे भरून करायचं ठरलं. पहाटेची गाडी, मांडीवर आइसबॉक्स, पाच-सहा तास, आणि कंडक्टरला समजावणं की हे औषध आहे, उलटं करू नका. पहिला रिपोर्ट आला आणि मी घाबरले, सीडी३४ दिसत होता, जो निकषाप्रमाणे नको. म्हणजे आपल्या फ्लास्कमध्ये दुसऱ्याच पेशी आहेत असं वाटलं. मॅडमनी २०१३ चं एक निवेदन काढून दाखवलं, खास चरबीच्या पेशींसाठीचं, की ताज्या काढलेल्या असताना त्यांच्यावर सीडी३४ असतो आणि कल्चरमध्ये, म्हणजे फ्लास्कमध्ये वाढवताना, पिढ्या वाढत गेल्या की तो कमी होतो. भरलेल्या फ्लास्कमधल्या पेशी नव्या फ्लास्कमध्ये वाटल्या, ज्याला आम्ही पास करणं म्हणतो, की एक पिढी. मी खूपच लवकरच्या पिढीचं सॅम्पल नेलं होतं. तिसऱ्या पिढीचं नेलं तेव्हा सगळं बसलं.

तीन आठवडे हाडाच्या मीडियममध्ये ठेवून अ‍ॅलिझरिन रेड हा रंग टाकला तर कॅल्शियमचे लालभडक डाग. दुसऱ्या प्लेटमध्ये चरबीचं मीडियम, ऑइल रेड ओ हा रंग, आणि प्रत्येक पेशीत लाल थेंबांची माळ. त्या दिवशी मी लॅबमध्ये एकटीच होते आणि खुर्चीवर बसून रडले, आनंदानेच.

पण माझ्यासाठी खरी गोष्ट पुढची होती. ह्या पेशी सूज कशी कमी करतात. आधी सगळ्यांना वाटायचं, मलाही, की स्टेम सेल जाऊन खराब सांध्यात नवीन कूर्चा होऊन बसते. तसं दिसत नाही. शिरेतून दिल्या तर बहुतेक पेशी आधी फुप्फुसातच अडकतात आणि थोड्या दिवसांत नाहीशा होतात. त्या जे काही करतात ते बाहेर सोडलेल्या रसायनांमधून, प्रोस्टाग्लँडिन ई२, टीएसजी-६ असले पदार्थ, आणि एक एंझाइम, आयडीओ. हे आयडीओ ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल तोडतं. वाढणाऱ्या टी-पेशींना, म्हणजे संरक्षण व्यवस्थेतल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना, ट्रिप्टोफॅन लागतं, ते संपलं आणि त्याचं कायन्युरेनिन झालं की त्यांची वाढ थांबते. आणि मजा अशी की शांत बसलेल्या स्टेम सेलमध्ये हे एंझाइम जवळपास नसतंच. आजूबाजूला सूज असेल, सुजेचा इशारा देणारं इंटरफेरॉन गॅमा असेल, तेव्हाच ती ते बनवते. म्हणजे आग दिसल्याशिवाय पाणी काढत नाही.

हे मोजायला महागडं मशीन लागत नाही म्हणून आम्ही तेच धरलं. पेशींना दोन दिवस इंटरफेरॉन द्यायचं, वरचं पाणी घ्यायचं, एहर्लिख रिएजंट टाकायचं, कायन्युरेनिन असेल तर पिवळं होतं. प्लेटमध्ये डावीकडच्या खाचा इंटरफेरॉन न दिलेल्या, त्या पाण्यासारख्या राहिल्या. उजवीकडच्या हळदीसारख्या पिवळ्या. मग एका निरोगी माणसाच्या रक्तातून पांढऱ्या पेशी काढून त्यांना चिथवलं, काही खाचांत एकट्या ठेवल्या, काहींत आमच्या पेशींसोबत, दहाला एक. एकट्या होत्या तिथे भराभर वाढल्या. सोबत होत्या तिथे वाढ स्पष्ट कमी. चार ताईंच्या पेशींवर केलं, तीन जणींच्यात चांगला परिणाम, एकीच्यात फारच थोडा. का, ते अजून आम्ही शोधतोय. हे मी मुद्दाम लिहिते कारण ह्याच चौथीमुळे मला पुढे मामाशी बोलायचं बळ आलं.

मामाचं असं झालं. दिवाळीत घरी गेले तर मामा एक रंगीत पत्रक घेऊन आलेले. मोठ्या शहरातला एक दवाखाना, नाव लिहीत नाही. पोटाची चरबी काढून त्याच दिवशी स्टेम सेल टोचतात, आमवात, पॅरालिसिस, शुगर, गुडघे, सगळ्यावर. साडेतीन लाख. मामा म्हणाले, ताईच्या नावावरचं एक एकर काढू, नाहीतरी पड आहे, आणि तू हेच तर करतीस ना तिकडं, मंग आपल्याच लेकराची विद्या. आणि आई माझ्याकडे बघत होती. ती काही बोलली नाही, फक्त पोटावर हात ठेवला तिने. दोन वर्षं ती फोनवर त्या पेशींना खायला घातलं का विचारत होती, आणि मनात तिच्या काय होतं ते मला त्या क्षणाला कळलं.

मी त्या दवाखान्याला फोन लावला, स्पीकरवर, मामांसमोरच. विचारलं की पेशी कल्चर करता का, वाढवता का. नाही मॅडम, दोन तासांत सगळं होतं. म्हणजे तो गाळ. नखाएवढा लाल ठिपका, ज्यात सगळं मिसळलेलं आहे, तो तसाच माणसात. विचारलं, किती पेशी देता, किती जिवंत असतात, मोजता का. उत्तर आलं, करोडो. विचारलं, बुरशी-जिवाणूंची टेस्ट कोणती. म्हणाले सगळं स्टराइल असतं. बुरशी आलेल्या माझ्या तीन बॅच डोळ्यांसमोर आल्या, त्याही मी सगळं स्टराइल करूनच ठेवल्या होत्या. शेवटी विचारलं की हे क्लिनिकल ट्रायल आहे का, सीटीआरआयचा, म्हणजे ट्रायलच्या सरकारी नोंदणीचा, नंबर द्या. समोरून फोन ठेवला.

मग मी मामांना बसवून सांगितलं. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, तिची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, रक्ताच्या ठराविक आजारांसाठी जे हाडाच्या मगजाचं प्रत्यारोपण होतं ते सोडलं तर बाकी आजारांवर स्टेम सेल फक्त मान्यता असलेल्या ट्रायलमध्येच द्यायच्या, आणि ट्रायलसाठी पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. कुठलं ट्रायल खरं आहे ते सीटीआरआयच्या साइटवर कुणालाही बघता येतं, फुकट. आमवातावर चरबीच्या पेशींचं ट्रायल झालेलं आहे, स्पेनमध्ये, २०१७ ला छापलं गेलं, ५३ रुग्ण, त्या वाढवलेल्या, तपासलेल्या पेशी होत्या, आणि ते मुख्यतः सुरक्षित आहे का हे बघायला होतं. बरं होतं हे सिद्ध करायला एवढं पुरत नाही. क्रोन्स नावाच्या आतड्याच्या सुजेच्या आजारात होणाऱ्या भगंदरासाठी तर युरोपने २०१८ मध्ये औषध म्हणून मान्यता दिली होती, चरबीच्या १२ कोटी पेशी एका वेळेला, पहिल्या मोठ्या ट्रायलमध्ये २१२ रुग्ण, २४ आठवड्यांनी पेशी दिलेल्यांतले ५० टक्के बरे, न दिलेल्यांतले ३४ टक्के, असा फरक. मग दुसरं मोठं ट्रायल झालं, २०२३ मध्ये निकाल आला, फरक टिकला नाही, आणि २०२४ च्या शेवटी कंपनीने ते युरोपच्या बाजारातून काढून घेतलं. ती बातमी मी लॅबमध्ये वाचली होती आणि दिवसभर कुणी कुणाशी बोललं नव्हतं. आणि फ्लोरिडात तीन बायकांच्या डोळ्यांत अशाच चरबीच्या पेशी पैसे घेऊन टोचल्या, त्यांची नजर गेली, २०१७ ला डॉक्टरांनी ते छापलं.

मामा म्हणाले, "मंग तू दोन वर्षं कशापायी झिजायलीस?"

ह्याचं उत्तर मला लगेच देता आलं नाही. मी त्यांना त्या चार ताईंचं सांगितलं. चौघींची चरबी सारखीच दिसते, पेशी सारख्याच दिसतात, मार्कर सारखे, आणि एकीच्या काम करत नाहीत. आपल्या आईच्या कुठल्या, हे त्या दवाखान्याला माहीत नाही, मलाही नाही, आणि ते कळायच्या आधी एक एकर जाईल. हे शोधायलाच झिजायलेय. मामा उठून बाहेर गेले, तंबाखू मळत बसले. त्यांना पटलं का मला नाही माहीत. पत्रक मात्र त्यांनी परत नेलं नाही.

आईला संभाजीनगरला आणून सांधेवाताच्या डॉक्टरांना दाखवलं, हे खरं म्हणजे आधीच करायला हवं होतं, गावात मिळणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्यांवर तिने सहा वर्षं काढली ह्याचं मला फार वाईट वाटतं. अँटी-सीसीपी, म्हणजे आमवात ओळखायची रक्ताची तपासणी, खूप वाढलेली. मेथोट्रेक्सेट सुरू झालं. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज नाही, चुकून रोज घेतली तर जिवावर येतं, म्हणून ज्यांच्या घरात आहे त्यांनी कृपा करून लक्ष द्या. सोबत फॉलिक अ‍ॅसिड, दुसऱ्या दिवशी, आणि ठराविक दिवसांनी लिव्हर आणि रक्ताची तपासणी. आईला वार लक्षात राहत नाहीत म्हणून तिने स्वतःच युक्ती काढली, भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोळी घेतली की त्या रविवारच्या चौकोनात कपाळाची लाल टिकली चिकटवते. तीन महिने काहीच फरक नव्हता आणि मी आतून हादरले होते. मग हळूहळू सीआरपी, म्हणजे रक्तातला सुजेचा आकडा, उतरलं. सकाळचे दोन घंटे अर्ध्या घंट्यावर आले. वाकडी झालेली दोन बोटं सरळ होणार नाहीत, ते डॉक्टरांनी आधीच सांगितलं.

मागच्या महिन्यात घरी गेले तेव्हा तिने दोन भाकरी थापल्या, तिसरी वहिनीकडे दिली. जेवताना म्हणाली, "त्या चौथ्या बाईचं कळलं का काही?" मी म्हणलं नाही अजून, नवीन चार सॅम्पल आलेत, त्यांचं चालू आहे. ती म्हणाली, "माझी चरबी घ्यायची असली तर घे बरं का. टोचायला नाही. तुझ्या त्या ताटल्यांत बघायला."

एथिक्स कमिटीला विचारावं लागेल, घरचंच माणूस आहे म्हणून, आणि तिच्यासाठी मुद्दाम ऑपरेशन करायची परवानगी मिळणार नाही, मिळूही नये. पण तिने हे विचारलं तेव्हा मी फॉर्म वाचून दाखवते तसंच तिला म्हणलं, आई, ह्यातून तुला काही फायदा नाही. ती म्हणाली, "कळलं ते मला. आज खायला घातलं का त्यांना?" मी सुट्टीवर होते. घरातूनच लॅबमध्ये ज्युनिअरला फोन लावला, ती म्हणाली हो ताई, साडेदहालाच मीडियम बदललं, दोन फ्लास्क आडवी ज्वारी झालेत, उद्या पास करू का.